ठेव आता

धैर्यशील हे नाव त्याच्या आजोबांनी मोठ्या हौसेने ठेवलं, आणि नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा ही म्हण वापरायची गावाला आयतीच सोय झाली. आई त्याला शेजारच्या छबूकाकीकडे विरजण आणायला पाठवायची. हा वाटी घेऊन काकीच्या उंबऱ्यापाशी जायचा आणि तिथेच थिजायचा. हाक मारली आणि आतून 'कोन हाय?' असं विचारलं तर काय सांगायचं? 'मी' म्हटलं तर 'मी कोण?' म्हणतील. नाव सांगितलं तर हसतील. एवढा विचार होईपर्यंत घरी दूध पार निवून जायचं. मग आई शोधायला यायची आणि पोराच्या शेजारी उभी राहायची. तिच्याही तोंडून हाक फुटायची नाही, कारण पोराने हा गुण उचलला होता तो तिचाच. अखेर कधीतरी छबूकाकीची नजर पडायची.

"आगं शालन," ती हसून हसून बेजार व्हायची, "दोगं मिळून एक हाक तरी मारा की गं!"

तो शाळेत असतानाच वडील गेले. कृष्णाकाठच्या त्या सोनगिरवाडीत मग दोघंच राहिली. आई भाकरी थापायची, हा शेजारी पाटावर बसून गणितं सोडवायचा. दिवसदिवस घरात चार शब्दांच्या वर बोलणं व्हायचं नाही, आणि त्यात कुणाला काही कमी वाटायचं नाही. याला सुख म्हणतात हे त्या वयात त्याला कुणी सांगितलं नाही. पुढे शिकायला बाहेर पडला तेव्हा मात्र जो तो सांगू लागला, की घुम्यासारखा काय बसतोस, माणसाने बोललं पाहिजे. ते त्याने मनावर घेतलं, आणि तिथून त्याच्या जिवाला घोर लागला.

पुण्यात नोकरी लागल्यावर तो दर रविवारी संध्याकाळी आईला फोन करायचा.

"जेवलास का?"

"हं."

"काय केलं हुतंस?"

"खिचडी."

"बरं."

संपलं. पुढे दोन्हीकडे शांतता. तिकडून सुपात तांदूळ निवडल्याचा आवाज यायचा, मधूनच शेळी ओरडायची, कुकरची शिट्टी व्हायची. हा फोन कानाला लावून बसलेला. काय बोलावं ते सुचत नाही, आणि फोन ठेवावा तर तेही जमत नाही. आपण होऊन फोन ठेवणं म्हणजे 'आई, तुझा कंटाळा आला' असं तोंडावर सांगणं, असं त्याला वाटायचं. बऱ्याच वेळाने आईच म्हणायची, "ठेव आता." मग हा ठेवायचा. आयुष्यात त्याने आईचा फोन आपण होऊन कधी ठेवला नाही.

आणि फोन ठेवला की छळ सुरू. आईला काय वाटलं असेल? एवढं शिकवलं, आणि पोराला आईशी बोलायला दोन वाक्यं सुचू नयेत? सोमवारपर्यंत तो ती शांतता मनात उगाळत बसायचा. हळूहळू एखादा रविवार चुकू लागला, मग दोन चुकू लागले.

आता थोडं विज्ञानाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डला. धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं काम. रानात वाघ दिसला की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, ते याच्याचमुळे. काही माणसांत ही घंटा फार हलक्या हाताने टांगलेली असते. त्यांना चार माणसांनी नुसतं वळून पाहिलं तरी वाघ दिसल्यासारखी ती वाजते. त्यात बोलण्याचा एक विचित्र नियम आहे. जगातल्या बहुतेक भाषांत एकाचं बोलणं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं, यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढीच फट असते. एवढ्या वेळात उत्तर सुचणं शक्य नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर मनात जुळवत असतो. लाजऱ्या माणसाचा मेंदू मात्र तेवढा वेळ घंटा ऐकण्यातच घालवतो. त्याची पाळी येते तेव्हा हाती काहीच नसतं. फट रुंदावते, घंटा आणखी जोरात वाजते, आणि फट आणखी रुंदावते.

धैर्यशील ज्या कंपनीत होता तिने या फटीवरच धंदा उभारला. त्यांच्या यंत्राचं नाव 'मुखत्यार'. तुमच्या बोलण्याचे थोडे नमुने त्याला ऐकवले की ते तुमच्या आवाजात, तुमच्या लकबींनी, तुमच्या वतीने फोनवर बोलायचं. बँक, दातांचा दवाखाना, सोसायटीचे अध्यक्ष, सगळ्यांना ते पुरून उरायचं. कचेऱ्यांशी बोलताना 'मी मुखत्यार आहे' असं सांगायचं कायद्याने बंधन होतं. घरच्या माणसांना सांगायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलं होतं.

या यंत्राने शांतता किती वेळ चालू द्यायची, ते ठरवणारा विभाग धैर्यशीलचा होता. त्याने मर्यादा घातली दोन सेकंदांची. त्यापुढे समोरचा गप्प राहिला तर मुखत्यारने काहीतरी बोलायचंच. एका सहकाऱ्याने विचारलंही, जरा जास्त ठेवूया का? धैर्यशीलने फक्त नकारार्थी मान हलवली. त्या दोन सेकंदांपलीकडे काय असतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आपल्यासारख्या लाखो माणसांना त्या दरीपासून वाचवतोय, असं त्याला मनापासून वाटत होतं.

यंत्र बाजारात येण्याआधी कर्मचाऱ्यांना मिळालं. धैर्यशीलने त्याला पहिला नंबर आईचा दिला, आणि घरची, शेजारची थोडी माहितीही.

तो पहिला फोन त्याने शेजारी बसून ऐकला. त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणत होतं, "आई, शेळी व्यायली का गं? आणि छबूकाकीचा गुडघा कसा आहे?" आई आधी अडखळली. मग शेळीला दोन करडं झाल्याचं तिने सांगितलं. मुखत्यारने त्यांची नावं विचारली. आई चक्क हसली. आईचं हसणं फोनवर कसं ऐकू येतं हे धैर्यशीलला त्या दिवशी कळलं. अर्धा तास बोलणं चाललं, कुठे खंड पडला नाही. शेवटी मुखत्यार म्हणाला, "बरं, ठेवतो हं आई. काळजी घे."

पलीकडे दोन सेकंदांपेक्षा जास्त शांतता झाली. मुखत्यार लगेच म्हणाला, "आई, ऐकू येतंय ना?"

"व्हय," आई म्हणाली. "ठेव."

धैर्यशीलच्या डोळ्यांना धारा लागल्या. आईला शेवटी बोलका मुलगा मिळाला होता. तो आपण नव्हतो, याची एक बारीक कळ त्याच्या मनात उठली, पण तिच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही.

मग फोन रोज सकाळी होऊ लागला. रोज संध्याकाळी धैर्यशीलच्या पडद्यावर दोन ओळींचा गोषवारा यायचा. 'तब्येत ठीक. मळ्यात पाणी आले. धैर्यशीलने फोन करावा, असे म्हणाल्या. पूर्ण झाले.' ही शेवटची विनंती रोजच असायची आणि तिच्यापुढे 'पूर्ण झाले'ही रोजच असायचं. फोन तर झालाच होता. चहा पिता पिता तो ते वाचायचा आणि त्याला बरं वाटायचं.

कंपनीने नेमलेल्या मानसतज्ज्ञ डॉक्टर केळुसकरबाईंना मात्र ते बरं वाटलं नाही.

"तुमचा पाय मोडलेला नाही, धैर्यशील," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चालायची भीती वाटते. तुम्ही एक फोन टाळता तेव्हा तुमचा मेंदू काय शिकतो, माहितीये? की या फोनमध्ये खरंच वाघ होता आणि टाळला म्हणून आपण वाचलो. प्रत्येक टाळण्याबरोबर तो वाघ मोठा होतो."

"हं."

"आईला एकदा स्वतः फोन करा. पाचच मिनिटं. काही सुचलं नाही तर नुसते गप्प बसा. भीती वर चढते आणि आपोआप उतरते, हे एकदा अनुभवा. कराल?"

"करतो," तो म्हणाला, कारण 'नाही' म्हणायला त्याहून जास्त बोलावं लागलं असतं. आणि त्याने फोन केला नाही. आता तर ते आणखीच अवघड झालं होतं. त्या बोलक्या मुलानंतर आपण फोन करून काय 'हं' म्हणायचं? आईचा किती हिरमोड होईल!

गावच्या जत्रेला तो सोनगिरवाडीला गेला. दोघं पूर्वीसारखीच गप्प बसली. ती पोळ्या लाटत होती, तो पाटावर. दोनदा तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोळपाटाकडे पाहिलं. परत निघताना ती फाट्यापर्यंत सोडायला आली. बिनचालकाची गाडी दार उघडून उभी होती. याने बॅग आत टाकली तेवढ्यात ती म्हणाली, "फोन करत जा रं."

"करतो की रोज."

आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खरं बोलायला तेवढा क्षण पुरेसा होता. 'आई, तो मी नसतो' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. त्याच्या छातीत घंटा वाजायला लागली.

"व्हय," ती म्हणाली. "करतोस." आणि तिने त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"येतो."

"ये."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी मुखत्यारने फोन केला आणि आईच्या तिसऱ्याच वाक्याला त्याला तिच्या श्वासातला फरक कळला. यंत्राला नावं ठेवायची सोय नाही. त्याने कुणाला न विचारता रुग्णवाहिका बोलावली, छबूकाकीला कळवलं, सांगलीच्या दवाखान्यात खाट सांगून ठेवली आणि धैर्यशीलला सावध केलं. पोटच्या पोराला जमलं नसतं एवढं त्या यंत्राने केलं. धैर्यशील अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसला.

कराड मागे पडलं तेव्हा छबूकाकीचा फोन आला. पडद्यावर नाव दिसलं आणि त्याने उचलला.

"कुठं हाईस? शुद्धीवर हाय ती. तुलाच इचारतीया सारकी. तिच्या फोनवर लाव, मी कानाला धरती. बोल तिच्यासंगं."

"हं," तो म्हणाला.

आईचा नंबर समोर होता. अंगठा त्यावर नेला आणि मागे घेतला. मरणाच्या दारातल्या माणसाशी काय बोलतात? 'बरी होशील' म्हणायचं? आवाज फुटला नाही तर? नुसताच हुंदका ऐकून ती घाबरली तर? शेवटच्या घटकेलाही पोराला शब्द सुचला नाही, हे डोक्यात घेऊन ती जाईल. त्यापेक्षा तिला ज्याची सवय आहे, ज्याच्याशी ती हसते, तो बोलू दे. हा सगळा विचार त्याने प्रेमापोटी केला. त्यात खोट होती ती एवढीच, की ते करताना त्याला सुटल्यासारखंही वाटलं.

त्याने मुखत्यारचं बटण दाबलं, आणि या वेळी ऐकायचंही धाडस केलं नाही. खिडकीबाहेर ऊस चालला होता. तो सांगलीला पोचला तेव्हा आई गेलेली होती.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. त्या भागात नदीवर राख सोडली की लोक घाटावर थांबतात आणि गेलेल्या माणसाविषयी कुणीकुणी दोन शब्द बोलतं. सरपंच बोलले, पतसंस्थेचे अध्यक्ष बोलले. धैर्यशीलच्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, माईक हातात घेऊन सांगितलं, "आजच्या काळात आईला रोज फोन करणारा ल्योक दाखवा मला! एक दिवस चुकला न्हाई. आता चिरंजीव धैर्यशील दोन शब्द बोलतील."

धैर्यशीलच्या कानात मुखत्यारच्या इअरफोनचं बोंड होतं. ते एकेक वाक्य पुटपुटत गेलं आणि हा ते म्हणत गेला. भाषण सुरेख झालं. शेळीची करडं आली, गुडघा आला, दारात वाटी घेऊन उभं राहणंही आलं, कारण ते आईने मुखत्यारला कधीतरी सांगितलेलं होतं. बाया पदराने डोळे पुसत होत्या. पुरुष माना खाली घालून उभे होते. कोरडे डोळे दोघांचेच, एक धैर्यशील आणि दुसरी छबूकाकी.

संध्याकाळी सगळे पांगले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून छबूकाकी पिठलं-भाकरीचं ताट घेऊन आली. पुढच्या सोप्याच्या कोपऱ्यात सूप होतं. त्यात अर्धे निवडलेले तांदूळ आईने ठेवले तसेच होते. ते हलवायचा कुणाला धीर झाला नव्हता.

"झाक बोललास," काकी म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती. मग तीच जराशी वितळली. "तुला एक सांगू का? राग न्हाई न्हवं यायचा?"

"सांगा."

"तिला पयल्याच दिवशी कळलं हुतं. फोनवर तू न्हाईस ते."

धैर्यशीलच्या हातातला घास हातातच राहिला.

"मी हितंच बसलेली. फोन ठिवला आन् मला म्हनली, छबे, ह्यानं 'ठेवतो' म्हनून ठिवला. माजं पोरगं कवाच आपनहून ठेवत न्हाई. मलाच म्हनावं लागतंय."

"मग बोलायची कशाला त्याच्याशी? रोज? एवढा वेळ?"

"तू धाडला हुतास न्हवं त्याला?" काकी म्हणाली. "म्हनायची, पोराला जड जात आसंल, म्हनून त्यानं दुसऱ्याला पाठवलंय. दारात आलेल्याला हाकलायचं काय? पावन्यासंगं बोलावं तशी बोलायची. दमायची बाई. तिला कुठं हुती सवय एवढ्या बोलन्याची? पर त्यो गप बसूच द्यायचा न्हाई. जरा दम घ्यावा म्हनली, की लगीच 'आई, ऐकू येतंय ना?' आन् शेवटी रोज त्याला एकच सांगायची. म्या ह्या कानांनी ऐकलंय. 'त्याला म्हनावं एकदा फोन लाव. बोलू नगं. नुसता लाव. मी तांदूळ निवडती, तू ऐकत बस.'"

धैर्यशीलसमोर ती ओळ उभी राहिली. धैर्यशीलने फोन करावा, असे म्हणाल्या. पूर्ण झाले.

"रविवारची किती वाट बघायची ठावं हाय? पयलं, तू लावायचास तवा. फोन ठिवला की बाहीर येऊन मला म्हनायची, 'छबे, पोरगं माज्यापाशी बसून गेलं.' मी इचारायची, काय बोललं? तर म्हनायची, 'काय न्हाई.' आन् त्वांड आसं फुललेलं!"

"मला सांगितलं का नाही तिने?" त्याचा आवाज चिरकला. "जत्रेला आलो होतो मी. का नाही बोलली?"

"ती आन् बोलनार?" काकी म्हणाली. "तुजीच आई की ती."

मग त्याने ते विचारलं, जे विचारायची त्याची छाती होत नव्हती. "दवाखान्यात... फोन लावला तेव्हा काय म्हणाली?"

काकीने ताटाकडे पाहिलं. "जेव की."

"काकी."

"ऐकलं तिनं थोडं. मग हातानं फोन बाजूला सारला." काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "म्हनली, 'ह्यो न्हवं.' मी म्हनलं, आगं धैर्याच हाय. तर पुन्यांदा म्हनली, 'ह्यो न्हवं गं.' आन् डोळं मिटलं."

काकी उठून गेली. धैर्यशील ताटापुढे बसून राहिला आणि मग तो रडला. डोकं भिंतीला टेकवून, तोंड उघडं टाकून, लहान पोरं रडतात तसा रडला. जगातल्या लाखो माणसांसाठी त्याने ती दोन सेकंदांची मर्यादा घातली होती. त्या दोन सेकंदांपलीकडे वाघ आहे, असं तो समजत होता. तिथे आई तांदूळ निवडत बसली होती.

रडणं संपल्यावर त्याने फोन हातात घेतला. मुखत्यार बंद केला. आईचा नंबर लावला.

घंटी भिंतीपलीकडे वाजली. दवाखान्यातून आल्यापासून आईचा फोन छबूकाकीकडेच होता.

"हालू? कोन हाय?"

उंबऱ्यापाशी थिजायचा तसा तो थिजला.

"कोन बोलतंय? आरं, कोन हाय?"

"हं," धैर्यशील म्हणाला.

मग काकीने फोन कुठेतरी टेकवून ठेवल्याचा आवाज आला, आणि ती पुन्हा आपल्या घरच्या भाकरी थापू लागली. थप थप आवाज भिंतीतून येत होता आणि एक क्षण मागाहून फोनमधूनही येत होता. त्याने सूप जवळ ओढलं. फोन कान आणि खांद्यात धरून तो तांदूळ निवडू लागला. भीती चढली, बराच वेळ तशीच राहिली आणि मग डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तशी आपोआप उतरली. एवढं सोपं होतं ते. एवढंच तिने मागितलं होतं.

तांदूळ निवडून झाले. पलीकडे तव्यावरची शेवटची भाकरीही झाली असावी, कारण थापणं थांबलं. काकीला काय करावं कळत नव्हतं, आणि त्याला तर ते कधीच कळलं नव्हतं. तो फोन कानाला लावून बसून राहिला. 'ठेव आता' म्हणणारं माणूसच राहिलं नव्हतं.